गोडी विहीर, हरितविश्व पार्क

कौलखेड, अकोला
६ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप सर,
दीपमालाचा नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचे निरोप तुम्ही उघडतही नाही, असं तुमचे यशोधनदादा म्हणाले. म्हणून पत्र. अक्षर पाहून तुम्ही लाल पेन काढणार, हे माहीत आहे.

बातमी आधी सांगते. एप्रिलमध्ये मला बाळ होईल. बाळंतपणाला मी माहेरीच आहे, म्हणजे बाबांनी अमरावतीचा मळा विकून इथे बांधलं त्या घरी. बाबा आता भाजी पिकवत नाहीत, बाजारात बसून दुसऱ्यांनी पिकवलेली विकतात. आजी त्यांना रोज विचारते, "देवीदास, आज वांगं कोन्या गावचं आनलं?" आणि गावाचं नाव ऐकून तोंड फिरवते.

पत्राचं कारण आजीच आहे. आमच्यात बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पडते ती थेट विहिरीवर. विहिरीला हळदीकुंकू वाहायचं, घुगऱ्या वाटायच्या, घागर भरून घरी आणायची. मग ती बाई पुन्हा कामाला मोकळी. माझ्या आईची, आत्यांची, सगळ्यांची विहीरपूजा आपल्या मळ्यातल्या गोड्या विहिरीवर झाली. इथे आमच्या कॉलनीत विहीरच नाही. बोअर आहेत, पण पाणी असं की डाळ शिजत नाही. शेजारच्या माणिकबाईंनी सुनेला बोअरच्या पाइपालाच कुंकू लावायला लावलं. आजी म्हणाली, "उद्या टाकीले हार घालसान."

लेआउटवाल्यानं मळ्याचे प्लॉट पाडले तेव्हा ओपन स्पेस सोडली ती विहिरीभोवतीच. काठावरच्या साती आसरा, ते सात शेंदरी दगड, आजीनं इकडे आणू दिले नाहीत. पाण्याच्या बाया पाण्याजवळच राहू द्या, म्हणाली. तुमचं घर तिथून दिसतं. ते आमच्या वांग्याच्या वाफ्यावर उभं आहे, हे मी तुम्हाला चिडवायला लिहीत नाही.

तर सर, विहिरीत पाणी आहे ना? वाट मोकळी आहे ना? एवढंच कळवा.

तुमची
दीपमाला


हरितविश्व पार्क, अमरावती
१५ फेब्रुवारी २०२५

चि. दीपमाला,
हरिहर मास्तरचे अनेक आशीर्वाद. लाल पेन काढलं नाही. बातमी वाचून आनंद झाला.

विहिरीत पाणी आहे. काल मुद्दाम जाऊन वाकून पाहिलं. माझा म्हातारा चेहरा स्पष्ट दिसला.

पण आता दुसरं ऐक. ज्या माणसानं या जागेला हरितविश्व पार्क असं नाव दिलं, त्यानं आधी इथलं प्रत्येक झाड तोडलं. आता प्रत्येक फाटकावर एक संस्कृत नाव आहे आणि प्रत्येक फाटकासमोर एक उघडी नाली. रस्ता आधी केला, मग पाइपासाठी खोदला, पाइप आला नाही म्हणून बुजवला, मग केबलसाठी पुन्हा खोदला. शहर आमच्यापर्यंत धावत आलं, पण येताना नळ विसरून आलं! टँकरचा भोंगा वाजला की डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सगळे पाइप खांद्यावर टाकून धावतात. ज्यांनी शेजाऱ्याचं नाव कधी विचारलं नाही, ते शेजाऱ्याची टाकी किती भरली हे गच्चीवर चढून पाहतात. जुन्या अमरावतीत अंबागेटजवळ आम्ही एका भिंतीला दोन घरं अशी राहिलो. भांडलो, पण एकमेकांची तहान माहीत होती. इथे चार हजार फुटांची घरं आहेत आणि कोणाचं कोणाला काही माहीत नाही.

आणि या तहानलेल्या विद्वानांना विहीर बुजवायची आहे. सोसायटीचे सेक्रेटरी ओमप्रकाश प्लॉटचे व्यवहार करतात. त्यांचं म्हणणं, विहिरीमुळे डास होतात, साप निघतात, आणि गिऱ्हाइकाला जागा दाखवताना विहीर 'खेडं' वाटते. तिथे लॉन हवं, पार्किंग हवं, फोटो काढायला एक कमान हवी. नऊ मार्चला सभा आहे. मी बोलणार आहे.

आसरांवर माझा विश्वास नाही, हे पार्बताबाईंना, तुझ्या आजीला, ठाऊक आहे. तिनं एकदा मला तोंडावर 'कोल्डा मानूस', म्हणजे कोरडा माणूस, म्हटलं होतं. पण विहीर ही अंधश्रद्धा नव्हे, विहीर म्हणजे पाणी. पार्बताबाईंना सांग, हरिहर मास्तर जिवंत आहे तोवर त्या विहिरीत मातीचं ढेकूळ पडणार नाही.

घरी यशोधन वरचा मजला चढवतो आहे. जुनी गच्ची फोडून झाली, फाटकासमोर मलब्याचा डोंगर आहे. इतक्या ठोकाठोकीत मी शांत झोपतो. कान गेल्याचा एवढा एक फायदा.

तुझा
हरिहर मास्तर


कौलखेड, अकोला
२४ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप सर,
नमस्कार.

तुमचं पत्र आजीला वाचून दाखवलं. तुमची सगळी पत्रं मीच तिला वाचून दाखवणार, तसं ठरलं आहे. ढेकळाचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मास्तरले सांगजो, भाषन नोको देऊ. लोकायले घरी बोलाव अन् पानी पाज. पानी पेल्यावर कोनी विहीर बुजवते का?"

मी हसले. पण सर, मलाही तेच म्हणायचं आहे.

तुम्हाला नववीतली वक्तृत्व स्पर्धा आठवते? विषय होता 'माझी आई'. माझी आई तेव्हा मळ्यात वांगी तोडत होती, ठणठणीत होती. तुम्ही माझ्या भाषणात तिला आजारी पाडलं. मी म्हटलं, सर, हे खरं नाही. तुम्ही म्हणालात, "दीपे, ऐकणाऱ्याला आधी दुखेल तिथे धर. मुद्दा नंतर सांग, तेव्हा तो सुटून जात नाही." पहिलं बक्षीस आलं. प्राचार्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या तीन बाई आईला भेटायला फळं घेऊन मळ्यात आल्या, आणि आईनं त्यांनाच दोन-दोन किलो वांगी देऊन परत पाठवलं. घरी मला जे ऐकावं लागलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही हरता तेव्हा मला वाईट वाटतं. तुम्ही जिंकता तेव्हा मला थोडी भीती वाटते. उन्हाळा तोंडावर आहे. सभेत पाण्याचं बोला. टँकरचं बोला. तेवढं पुरेल.

दीपमाला


हरितविश्व पार्क, अमरावती
११ मार्च २०२५

चि. दीपमाला,

जिंकलो! विहीर बुजवण्याचा ठराव एकमतानं फेटाळला. एकमतानं, पोरी! ओमप्रकाशनं स्वतः हात वर केला.

तुझं पत्र खिशात घेऊनच गेलो होतो. सुरुवात पाण्यानंच केली. सांगितलं की पाणी दरवर्षी खाली चाललं आहे, बोअर एकामागून एक कोरडे पडताहेत, आणि आपल्या दारात न आटणारी विहीर आहे. समोर पाहिलं तर अर्धी सभा मोबाइलमध्ये मान घालून बसलेली. कायद्यावर आलो. ओपन स्पेस कोणाच्या बापाची नाही, म्हणालो. एकानं जांभई दिली. मला ऐकू येत नाही, पण जांभई दिसते. ओमप्रकाश घड्याळ दाखवायला लागले.

आयुष्यभर मी व्यासपीठावर उभा राहिलो आहे. सभा हातून सुटताना कळते. तेव्हा मी क्षणभर थांबलो आणि आवाज खाली आणला. म्हणालो, "ही विहीर तुम्ही बुजवाल. पण तिच्या काठावर सात जणी बसल्या आहेत, त्यांना काय सांगाल? ज्या माउलीनं साठ वर्षं त्यांना दहीभात दाखवला, ती आज अकोल्यात डोळे लावून बसली आहे. तिच्या नातीची ओटी या पाण्यावर भरायची आहे. या जागेला हात लावण्याआधी त्या सात जणींची परवानगी घ्या!"

काय सांगू! माना वर आल्या. गीतांजली मॅडम, ज्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. लोक उभे राहिले, हात वर गेले, तोंडं उघडली. काय ओरडत होते ते मला ऐकू आलं नाही, पण ते माझ्या बाजूनं ओरडत होते एवढं दिसत होतं.

तू विचारशील, हे खरं का? मी एकही शब्द खोटा बोललो नाही. तुझ्या आजीची श्रद्धा आहे, म्हणून आहे म्हणालो. माझी आहे असं म्हणालो नाही. ज्यांना पाणी दिसत नाही त्यांना देव दाखवला, तर त्यात पाण्याचं काय वाईट झालं?

विहिरीच्या देखभालीसाठी एक समिती केली आहे. मला अध्यक्ष केलं. नको म्हणत होतो, पण ऐकेनात. निश्चिंत राहा.

तुझा
हरिहर मास्तर


कौलखेड, अकोला
२१ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप सर,

सोळा तारखेला मुलगी झाली. रंग आजीचा, आवाज बहुधा तुमचा. आजीनं तिला मांडीवर घेतलं आणि पहिलं वाक्य बोलली, "हिले गोड्या विहिरीचं पानी चाटवू." बाबा म्हणाले, डॉक्टर नाही म्हणतात. आजी म्हणाली, "डॉक्टरले कोन चाटवून राहिलं?"

तुमच्या विजयाचं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा ती खूश झाली होती. पण 'सात जणींची परवानगी घ्या' हे वाक्य ऐकून तिनं मला थांबवलं. "हे मास्तर बोलला?" म्हणाली. "तो त नाई मानत." मी म्हटलं, आपल्यासाठी बोलले. "आपल्यासाठी त पानी मांगाचं होतं," म्हणाली.

धाकटा भाऊ शुभम परवा अमरावतीला गेला होता. म्हणतो, विहिरीजवळ लोखंडी सळया आणि गिट्टी पडली आहे, आणि मोठं फ्लेक्स लागलं आहे. त्यावर तुमचा फोटो आहे. सर, देखभालीला सळया कशाला?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सव्वा महिना होतो. आजीला बसायला त्रास होतो, तरी ती येणारच. तिच्या पितळेच्या घागरीला तिनं चिंच लावून ठेवली आहे.

दीपमाला


हरितविश्व पार्क, अमरावती
४ मे २०२५

चि. दीपमाला,
तुला आणि कन्येला खूप आशीर्वाद. आवाज माझा असेल तर कान मात्र तिचे स्वतःचे असोत.

शुभमनं पाहिलं ते बरोबर आहे. थोडं बांधकाम चाललं आहे. उघडी विहीर, लहान मुलं, उद्या कोणी पडलं तर? म्हणून वर स्लॅब टाकताहेत. मधे झाकण ठेवणार, पाणी काढता येईल, असं ओमप्रकाशनी मला लिहून दिलं. आसरांसाठी छोटी देवळीही होईल. लोकांनी उत्साहानं वर्गणी दिली. ज्यांनी कधी कचऱ्याच्या गाडीला पैसे दिले नाहीत त्यांनी. मी एकदोनदा म्हणालो की जरा जास्त होतं आहे. गीतांजली मॅडमनी माझ्या पाया पडून माझंच वाक्य मला ऐकवलं. ओठांवरून कळलं. आता माझ्याच वाक्याला मी काय उत्तर देऊ?

ऊन भयंकर आहे, त्यामुळे मी तिकडे रोज जात नाही. घरासमोरचा मलब्याचा डोंगर एका सकाळी नाहीसा झाला, त्यामुळे फाटकातून बाहेर पडता येतं एवढं सुख. टँकर आता दोन दिवसांआड येतो. काल पाइपावरून दोन इंजिनिअर हातघाईवर आले.

तुम्ही पंचवीस मेला, रविवारी या. मुद्दाम तो दिवस सांगतो. त्या दिवशी लहानसा कार्यक्रम आहे आणि पार्बताबाईंचा व्यासपीठावर साडीचोळी देऊन सत्कार करायचा असं मी मनात धरलं आहे. कोणाला बोललो नाही. तिलाही सांगू नकोस. ज्या बाईनं ही जागा राखली तिच्यासमोर या सगळ्या डिग्र्यांना वाकताना मला पाहायचं आहे.

मी अध्यक्ष आहे. माझ्या शब्दाबाहेर इथे कोणी नाही.

हरिहर मास्तर


कौलखेड, अकोला
२८ मे २०२५

सर,

आम्ही आलो होतो. तुम्हाला माहीत नसेल म्हणून लिहिते.

शुभमनं गाडी केली. आजी पुढे बसली, घागर मांडीवर. मूर्तिजापूर गेल्यावर तिनं खिडकी उघडायला लावली, म्हणाली अमरावतीची हवा येते. कॉलनीच्या तोंडाशी कमान होती. 'श्री सप्तमाता जलदेवी संस्थान'. खाली काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत संस्थापक अध्यक्ष म्हणून तुमचं नाव. आजीला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं नाही.

आत मांडव, त्यात लोकच लोक. विहिरीच्या जागी संगमरवरी ओटा आणि त्यावर सात पांढऱ्या मूर्ती, सगळ्यांची नाकं सारखी. भोवती लोखंडी जाळी. आजी म्हणाली, "विहीर कुठी गेली?" शुभम म्हणाला, खाली आहे. "मंग लोकं तिच्यावर काहून उभे हाय?"

फाटकाशी गीतांजली मॅडम होत्या. फार प्रेमानं बोलल्या. माझ्या हातातल्या बाळाकडे पाहून म्हणाल्या, "किती गोड! किती महिन्यांची?" मी सांगितलं. तशा दोन पावलं मागे झाल्या. "मग तुम्ही आत नका येऊ हं. आज प्राणप्रतिष्ठा आहे. बाळंतीण नको असं गुरुजींनी सांगितलंय. पुढच्या महिन्यात या ना, बाळालाही पाया पडवा."

सर, आम्ही बाळंतिणीच्या पूजेलाच आलो होतो. बाळंतीण ही एकच बाई आहे जिच्यासाठी त्या आसरा तिथे बसवल्या होत्या.

आजीनं त्यांना सांगायचा प्रयत्न केला. "बाई, हे आमचंच होय. हे दगडं माह्या सासूनं बसवले." त्या म्हणाल्या, "हो आजी, देवी सगळ्यांचीच असते." मागून कोणीतरी म्हणालं, लाइन अडवू नका.

तेव्हा तुम्ही माइकवर होतात. खांद्यावर शाल होती. आवाज सगळ्या लेआउटभर घुमत होता. तुम्ही म्हणत होतात, "ज्या पार्बतामाउलीनं ही जागा राखली, तिची पायधूळ आज या भूमीला लागली असती तर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पार्बतामाउली तेव्हा जाळीला धरून उन्हात उभी होती. मी ओरडले, "सर! सर!" शुभमही ओरडला. तुम्ही आमच्याकडे पाहिलंत. हसलात. आणि सगळ्या गर्दीला जसे हात जोडता तसे आम्हाला जोडलेत.

ओळखलं नाहीत, असंच मी आजीला सांगितलं. चष्मा जाड आहे, म्हटलं.

आजीला तहान लागली. एका कार्यकर्त्यानं कॅनमधलं थंडगार पाणी कागदी पेल्यात दिलं. तिनं एक घोट घेऊन पेला मला परत दिला. "हे आपलं नोहे," म्हणाली. मी त्या माणसाला विचारलं, विहिरीचं पाणी मिळेल का? तो म्हणाला, "कोणत्या विहिरीचं?"

परत फिरताना शुभमला ते दगड दिसले. मांडवाच्या मागे ताडपत्री वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्या कडेवर वजनाला ठेवले होते. शेंदूर अजून होता. शुभम उचलायला धावला. आजीनं त्याचा हात धरला. म्हणाली, "राहू दे. कपडा उडन, लोकायले ऊन लागन."

 गाडीत ती रिकामी घागर मांडीवर आडवी धरून बसली होती, आतून तिच्याच श्वासाचा आवाज येत होता. कौलखेड आल्यावर एवढंच म्हणाली, "झाकन हाय म्हने ना त्याले? मास्तरनं लिवलं होतं. गर्दी सरली का काढून देईन तो. थांबू."

ती थांबली आहे, सर. सव्वा महिना उलटून गेला आणि मी अजून विहिरीवर गेलेली नाही, म्हणून मला चुलीशी जाऊ देत नाही. झाकण कधी उघडता ते कळवा.

दीपमाला


हरितविश्व पार्क, अमरावती
९ जून २०२५

चि. दीपमाला,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ओमप्रकाशला देवळात बोलावलं. काठी आपटून म्हणालो, झाकण उघडा. तो हसला. ओट्याच्या मधोमध फरशीत एक गोल नक्षी आहे, कमळाची. तिच्याकडे त्यानं बोट दाखवलं. मी म्हणालो, उघडा! त्यानं मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरलं: 'सर, पोकळीवर सात मूर्तींचं वजन कसं पेलणार? इंजिनिअरनी भरून घ्यायला सांगितलं. आधीच भरून घेतली.' मी विचारलं, कशानं? त्यानं लिहिलं: 'मलबा.' कोणाचा? त्यानं लिहिलं नाही. माझ्या शेजारी यशोधन उभा होता, त्याच्याकडे पाहिलं. यशोधन खाली पाहू लागला.

माझ्या घराची फोडलेली गच्ची तुमच्या विहिरीत आहे, दीपमाला.

यशोधन म्हणतो, "बाबा, मलबा टाकायला ट्रॅक्टरवाला किती मागत होता तुम्हाला माहीत आहे? आणि विहीर तर झाकायचीच होती." त्याला खरोखर कळत नाही मी का ओरडतो आहे. तो वाईट मुलगा नाही. या कॉलनीत कोणीच वाईट नाही, हेच तर संतापाचं आहे! चोर असते तर चौकीत नेता आलं असतं. हे सगळे सज्जन, सुशिक्षित, सकाळी फिरायला जाणारे लोक आहेत. यांना माती दिसली की प्लॉट दिसतो, झाड दिसलं की अडचण दिसते आणि पाणी दिसलं की डास दिसतात. दगड तेवढा दिसला, तोही मी दाखवल्यावर!

परवा सभा मागितली. देऊळ तोडा, विहीर उपसा, असं म्हणालो. आयुष्यात इतकं पोटतिडकीनं बोललो नव्हतो. बोलणं संपलं तेव्हा सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. मग गीतांजली मॅडमनी आभाराचं लिहून दिलं: 'सर, तुमच्या वाणीत देवीच बोलते.' मी काय म्हणालो ते त्यांतल्या एकानंही मनावर घेतलं नाही. त्यांना माझा आवाज हवा होता, तो त्यांच्याकडे आता आहेच. मार्चचं भाषण कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. रोज आरतीआधी ते भोंग्यावर लावतात, असं यशोधननं कबूल केलं. मला ऐकू येत नाही. सगळ्या लेआउटला ऐकू जातं.

ते दगड शोधायला गेलो. मांडववाला ताडपत्रीबरोबर घेऊन गेला. त्याच्या गोदामात विचारलं. म्हणाला, असे दगड आमच्याकडे खूप आहेत, कोणते ते ओळखून न्या. शेंदूर घासून गेलेला, मला ओळखता आले नाहीत.

आजीला खरं सांग. विहीर बुजली आणि ती हरिहर मास्तरच्या नावानं बुजली, असं माझं नाव घेऊन सांग. तिनं वाट पाहू नये. एवढं माझ्यासाठी कर.

हरिहर


कौलखेड, अकोला
१९ जून २०२५

सर,

तुमचं पत्र आलं तेव्हा आजी दारातच होती. पाकीट पाहून ती सरळ होऊन बसली. म्हणाली, "वाच."

मी वाचायला सुरुवात केली. ओमप्रकाश, काठी, इथपर्यंत तुमचंच वाचलं. 'झाकण उघडा' हेही वाचलं. मग आजीकडे पाहिलं. पुढे तुमच्या ओळीवर बोट ठेवून मी वाचलं की झाकण उघडलं. पाणी वर आलं आहे, वाकलं की चेहरा दिसतो, आवाज दिला की परत येतो. आसरांना देवळी केली, दगड तेच ठेवले. मास्तरांनी स्वतः दहीभात दाखवला. थांबत, आवाज खाली आणत वाचलं. जिथे दुखतं तिथे आधी धरलं. तुमच्याकडून शिकले त्यातलं इतकं चांगलं मी कधी केलं नव्हतं. मागे बाबा उभे होते, त्यांनाही क्षणभर खरं वाटलं असावं, कारण ते आत जाऊन तोंड धुऊन आले.

तुम्ही सांगितलेलं काम मी केलं नाही. यापुढे लिहाल तर एवढंच करा, मला न बदलता वाचता येईल असं लिहा. जमत नसेल तर लिहू नका.

आजी म्हणाली, "मंग शुभमले धाड, घागर भरून आन." शुभम घागर घेऊन गेला. गल्लीच्या टोकाच्या दुकानातून त्यानं फिल्टरच्या पाण्याचा कॅन घेतला, घागरीत ओतला आणि संध्याकाळपर्यंत मित्राकडे बसून राहिला, म्हणजे अमरावतीला जाऊन यायला लागतो तेवढा वेळ.

अंगणात पाट मांडला. घागरीलाच हळदीकुंकू लावलं, घुगऱ्या वाटल्या. माणिकबाई आल्या, त्यांनी काही विचारलं नाही. आजीनं ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडाला लावलं. बराच वेळ गिळलं नाही. साठ वर्षं तिनं त्या विहिरीचं पाणी प्यायलं आहे, सर. मी तिच्याकडे पाहू शकत नव्हते, बाळाचं टोपरं नीट करत राहिले.

मग तिनं बोट बुडवून बाळाच्या ओठाला लावलं आणि मला विचारलं, "मास्तरनंच भरून देल्लं ना?"

मी म्हटलं, "हो."

"मंग असंल," आजी म्हणाली आणि उरलेलं पाणी अंगणातल्या तुळशीला टाकलं.

दीपमाला